प्रतिनिधीचा धर्म

यज्ञासाठी व्रीही, म्हणजे भात, सांगितलेले असावेत आणि ऐन वेळी यजमानाच्या घरी व्रीहीच नसावेत, अशा प्रसंगी यज्ञ सोडून द्यावा की दुसरे धान्य घेऊन तो तडीस न्यावा, हा प्रश्न जैमिनीने आपल्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात घेतला आहे. आणि वरवर पाहता पुरोहिताच्या अडचणीपुरता वाटणारा तो विचार अलीकडे मला अशा एका जागी उपयोगी पडू लागला आहे, की जेथे व्रीही नाहीत, अग्नी नाही आणि पुरोहितही नाही. काशीदला सुपारीच्या वाडीतल्या घरात बसून मी सोळाव्या शतकात युरोपात ल्यूट नावाच्या वाद्यासाठी रचले गेलेले संगीत आजच्या गिटारीवर वाजवीत असतो. ल्यूट माझ्याजवळ नाही. ज्या वाद्यासाठी संगीत लिहिले ते वाद्यच हाताशी नसताना जे वाजते त्याला काय म्हणावे, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच मानला पाहिजे; आणि सुरांशी कारण, वाद्याशी काय कर्तव्य, असे म्हणून तो उडवून लावणारे रसिक आणि मग वाजवूच नये असा निवाडा देणारे पंडित, हे दोघेही मला सारखेच उतावळे वाटतात.

दोन्ही वाद्यांची थोडी ओळख करून देणे येथे अवश्य आहे. ल्यूट हे अरबांच्या ऊदचे वंशज. लाकडाच्या अरुंद, पातळ पट्ट्या उष्णतेने वाकवून व एकमेकींस चिकटवून केलेला त्याचा भोपळा उभ्या चिरलेल्या नासपतीच्या आकाराचा असतो. तबली जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीची. दांडीवरील पडदे धातूचे नव्हेत, तातीचे, गाठ मारून बांधलेले. आणि खुंट्यांचे डोके मागे जवळजवळ काटकोनात मोडलेले. तारांपैकी सर्वांत वरची एकेरी, बाकीच्या जोडीजोडीने, आणि मंद्रातील जोड्यांत पुष्कळदा एक तार दुसरीच्या वरच्या सप्तकात लावलेली, त्यामुळे खर्जाच्या प्रत्येक आघातात त्याचाच वरचा स्वर मिसळून येतो. तारा छेडायच्या नखाने नव्हे, बोटाच्या मांसल अग्राने. गिटारीची पाठ सपाट, कंबर आवळलेली, तारा सहाच आणि सहाही एकेरी. आज आपण जिला ओळखतो तो तिचा घाट स्पेनमधील आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) याच्या हातचा, आणि नायलॉनच्या तारा तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या. तिचा आवाज अधिक भरीव, अधिक लांब टिकणारा. ल्यूटचा स्वर चटकन बोलतो आणि चटकन मावळतो.

मात्र स्पेनात एक निराळीच वहिवाट होती. तेथील दरबारांत ल्यूटची जागा विहुएला नावाच्या वाद्याने घेतली होती, आणि या विहुएलेचा देह गिटारीसारखा, तर तारांची जुळणी सर्वस्वी ल्यूटची. व्हॅलेन्सियाच्या लुइस मिलानने १५३६ मध्ये ‘एल माएस्त्रो’ हा विहुएलेच्या शिक्षणाचा ग्रंथ छापला आणि तो पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याला अर्पण केला. या राजाची कारकीर्द १५२१ ते १५५७. काशीदहून उत्तरेस बोर्ली ओलांडून गेले म्हणजे कोर्लईचा किल्ला लागतो आणि खाडीपलीकडे रेवदंडा. मिलान आपली अर्पणपत्रिका लिहीत होता त्या वेळी त्याच राजाचा अमल चौलच्या त्या खाडीमुखाशी चालू होता. १७४० मध्ये पोर्तुगीज तेथून गेले, किल्ले मराठ्यांकडे आले. परंतु कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून उपजलेली आणि मराठीच्या सहवासात वाढलेली बोली आजही घराघरांत बोलली जाते. देह गेल्यावर वाणी मागे कशी उरते, आणि उरताना ती काय काय बदलून घेते, याचा असा जिवंत दाखला दोन गावांपलीकडे असताना माझ्या प्रश्नाचा उगम शोधायला दूर जाण्याचे कारण पडत नाही.

आता जैमिनीकडे वळू. त्याचा पहिला निर्णय असा, की विहित द्रव्य न मिळाल्यास प्रतिनिधी घेण्याची मुभा आहे. व्रीही नसतील तर रानात आपोआप उगवणारे नीवार, म्हणजे आपले देवभात, घ्यावे. परंतु ही मुभा द्रव्यापुरतीच. देवतेला प्रतिनिधी नाही, मंत्राला नाही, अग्नीला नाही, क्रियेला नाही आणि ज्याच्यासाठी यज्ञ चालला आहे त्या यजमानालाही नाही. घराघरांतील पूजेत हा भेद आपण नकळत पाळत आलो आहो. वस्त्र नसेल तेथे अक्षता वाहतो. गणपतीची मूर्ती नसेल तेथे पाटावर तांदळाच्या राशीवर सुपारी मांडतो. सुपारी मूर्तीच्या जागी येते, गणपतीच्या जागी कधीच येत नाही. आवाहन त्याचेच होते.

ही वाटणी वादनाला लावून पाहिली तर वाद्य हे द्रव्य ठरते, यात मला शंका वाटत नाही. मग मंत्र कोणता आणि क्रिया कोणती? येथे ल्यूटच्या लेखनपद्धतीचा एक विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. आजची पाश्चात्त्य स्वरलिपी ऐकू यावयाच्या स्वराचे वर्णन करते. ल्यूटवादक ज्या टॅब्लेचर नावाच्या लिपीत लिहीत त्या लिपीत स्वराचे नावच नसते. सहा तारांच्या सहा रेघा, आणि रेघेवर एखादे अक्षर किंवा अंक: या तारेवर, या पडद्यावर बोट ठेव आणि छेड. वर कालमानाची खूण. एवढेच. स्वर किती वेळ रेंगाळू द्यावा, त्या स्वरसमूहातील कोणती ओळ कोणत्या कंठाची, हे काही सांगितलेले नसते. मीमांसकांनी वेदाचे मर्म वर्णनात न पाहता विधीत पाहिले, अमुक कर असे सांगणाऱ्या वाक्यात पाहिले. आणि विधिवाक्यांनीच आरंभापासून अखेरपर्यंत भरलेला संगीतग्रंथ पाहायचा असेल तर मिलानचे पुस्तक उघडावे. त्यातली प्रत्येक खूण म्हणजे आज्ञा आहे, आणि आज्ञा बोटाला आहे.

म्हणूनच गिटारवादकांमध्ये ज्याला केवळ सोयीचा प्रश्न समजतात तो मला धर्माचा प्रश्न वाटतो. गिटारीच्या लगतच्या तारांत मध्यमाचे अंतर असते, फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेमध्ये ते गांधाराचे. ल्यूटमध्ये व विहुएलेत हे गांधाराचे अंतर एक घर खाली, तिसऱ्या आणि चौथ्या तारेमध्ये असते. गिटारीची तिसरी तार अर्ध्या स्वराने उतरवली की गांधार जागच्या जागी सरकतो आणि चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या खुणांबरहुकूम बोटे चालू लागतात. तिसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सर्व तारा एकदम दाबून धरणारी पट्टी, बांधला तर ल्यूटची रूढ उंचीही साधते. पुष्कळ वादक तार न उतरवता तेच स्वर दुसऱ्या बोटांनी, दुसऱ्या जागी काढतात, आणि ऐकणाऱ्याला बहुधा फरक कळतही नाही. परंतु माझ्या मते त्यांनी मंत्र, म्हणजे स्वर, राखला आणि क्रिया, म्हणजे बोटांची चाल, बदलली. मिलानच्या फांतासिया नावाच्या एका मुक्त रचनेत दोन स्वर धरून ठेवून तिसरे बोट एक पडदा खाली घसरते, तेव्हा उतरवलेल्या तारेवर हाताचा पंजा जागचा हलत नाही; त्याच जागी न उतरवलेल्या तारेवर सबंध हात उचलून न्यावा लागतो, आणि तेवढ्यात जो स्वर धरून ठेवण्याचा त्याचा हेतू होता तो तुटतो. ज्या हातासाठी आज्ञा लिहिली त्या हाताचा आकार आपल्या हाताला घेता येतो, हे एका तारेच्या अर्ध्या स्वरापायी सोडून देणे मला पटत नाही.

प्रतिनिधीला सादृश्य हवे, हा जैमिनीचा पुढचा निर्णय. आणि ते सादृश्य नुसते वरवरचे असून भागत नाही, हेही त्याने बजावले आहे. मूग नसतील तर दिसायला त्यांच्याजवळचे म्हणून उडीद घेता येणार नाहीत, कारण उडीद यज्ञाला योग्यच नव्हेत. विजेवर चालणाऱ्या कळपट्टीच्या वाद्यात हल्ली ल्यूटचाही आवाज भरलेला असतो, कळ दाबली की येतो. आणि निव्वळ कानाने पाहिले तर माझ्या गिटारीपेक्षा तो मूळ वाद्याच्या अधिक जवळ असू शकेल. परंतु तेथे कोणीच तार छेडलेली नसते. हे माझ्या दृष्टीने उडीद आहेत. उलट गिटारीत छेडणे आहे, पडद्यावर बोट दाबणे आहे, आणि छेडलेला स्वर वादकाच्या इच्छेची वाट न पाहता मावळत जाणे आहे; या तीन गोष्टी ज्या वाद्यात आहेत त्याला ल्यूटचे मुखत्यारपत्र देण्यास हरकत नसावी. आपल्याकडे सारंगीच्या जागी हार्मोनियम आली तेव्हा हाच वाद उठला होता. एका स्वरातून दुसऱ्यात अखंड वाहत जाणे हा सारंगीचा आणि कंठाचा प्राण, आणि तोच हार्मोनियमला अशक्य. या व अशा कारणांनी आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर घातलेली बंदी १९७१ पर्यंत सैल झाली नाही. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी त्या वाद्यातून जे काढून दाखवले ते मोठेच होते. तथापि आक्षेप खोटा होता असे मी म्हणणार नाही. प्रतिनिधी मानला गेला तो सोयीमुळे, सादृश्यामुळे नव्हे.

मीमांसकांचे आणखी एक मत मला फार मोलाचे वाटते. व्रीहींच्या जागी नीवार घेतले तरी मंत्रातला व्रीही शब्द बदलायचा नाही. नीवार हाती आहेत, पण घेतले ते व्रीहींचा अंश त्यांत आहे म्हणून. तेव्हा यजमानाचे मन व्रीहींवरच असले पाहिजे. वादनात याचा अर्थ फार प्रत्यक्ष आहे. गिटारीच्या खालच्या तीन तारांवर धातूचे बारीक वेटोळे असते, आणि त्या तारा अशा घुमतात की खर्जाचा स्वर छेडून वरची धून पुढे गेली तरी तो मागे रेंगाळत राहतो, आणि पुढच्या खर्जाशी त्याची टक्कर होते. ल्यूटच्या तातीच्या तारेवर तो स्वर एव्हाना आपोआप विरला असता. म्हणून अंगठा परत तारेवर टेकवून तो मी हाताने मिटवतो. वरच्या स्वरांवर नखापूर्वी बोटाचे मांस लागेल असा हात थोडा आडवा धरतो. अंगठा व तर्जनी यांच्या पाळीपाळीने एक आघात भरीव, एक हलका असा करतो, कारण त्या काळचे वादक जलद स्वरपंक्ती तशाच वाजवीत. जोडतारांतून येणारा वरच्या सप्तकाचा तो मिश्र स्वर मात्र गिटारीत आणता येत नाही. तो नाही. परंतु तो येथे हवा होता हे वाजवताना मनात असले, तर खर्जावर उगीच जोर देण्याचा मोह आवरतो. गिटार ल्यूट झाल्याचे सोंग आणत नाही, आणि आपण गिटारच आहो अशा तोऱ्यातही राहत नाही. ती वाजत असते दुसऱ्याच्या नावाने.

यापुढचा नियम तर मला या सबंध प्रकरणाचे हृदय वाटतो. घेतलेला प्रतिनिधीही नष्ट झाला तर काय करावे? नीवार सांडले, तर नीवारांसारखे काही शोधावे की व्रीहींसारखे? मीमांसकांचे उत्तर निःसंदिग्ध आहे: व्रीहींसारखे. प्रतिनिधीचा प्रतिनिधी असत नाही. प्रत्येक वेळी मुळाकडेच परतले पाहिजे. ल्यूटच्या संगीताचा गिटारीवरचा इतिहास पाहता हा नियम पाळला गेला असता तर बरे झाले असते असे वाटल्यावाचून राहत नाही. कोणा एकाने आपल्या काळाच्या आवडीप्रमाणे जादा स्वर भरून, घसरी घालून, पट्टी बदलून एक गिटारी आवृत्ती केली. दुसऱ्याने त्या आवृत्तीवरून आपली बेतली. तिसऱ्याने दुसऱ्याचे ध्वनिमुद्रण ऐकून ती उचलली. आणि शिकणाऱ्याच्या हाती जे पडले त्यात मिलान किती आणि मधल्या हातांची भर किती, हे सांगणे कठीण होऊन बसले. एमिलिओ पुजोलने विसाव्या शतकात स्पेनच्या विहुएलावादकांचे ग्रंथ मूळ छापील लिपीवरून पुन्हा प्रसिद्ध केले, आणि १९३६ मध्ये पॅरिसच्या एका संग्रहालयात एक जुनी विहुएला शोधून काढली, ते काम मला या नियमाचे पालन वाटते. आपल्याकडे एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला तोही याच जाणिवेने. नकलेवरून नक्कल होत गेली की प्रत्येक लेखकाचा हात थोडा थोडा मिसळतो, आणि मिसळणाऱ्याची भक्ती कितीही खरी असली तरी ग्रंथ दुरावत जातो.

एक अवघड जागा मात्र येथे आहे, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ल्यूटच्या वाङ्मयाचा फार मोठा भाग मुळात ल्यूटचा नाहीच. चार-पाच कंठांनी गायची देवळातली व दरबारातली गीते त्या काळचे वादक एका वाद्यावर उतरवीत. विहुएलावादक नार्वाएझच्या १५३८ च्या ग्रंथात जोस्कँ या संगीतकाराच्या एका गीताचे असेच रूपांतर आहे, आणि गॅलिलिओचा पिता व्हिन्चेन्झो गॅलिली, जो स्वतः ल्यूटवादक होता, त्याने ही गीते वाद्यावर कशी उतरवावीत यावर ‘फ्रोनिमो’ नावाचा एक संवादच १५६८ मध्ये लिहिला. त्याची सुधारलेली आवृत्ती १५८४ ची, म्हणजे एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली त्याच वर्षाची. आलोन्सो मुदाराने तर १५४६ मध्ये लुदोव्हिको नावाच्या वादकाच्या हार्पची नक्कल करणारी फांतासिया विहुएलेसाठी रचली, आणि तिच्या शेवटाजवळ खोटे वाटणारे स्वर आहेत, पण नीट वाजवले तर ते वाईट लागणार नाहीत, अशी सूचनाही देऊन ठेवली. तेव्हा प्रतिनिधीचा प्रतिनिधी नाही हे खरे असेल तर अशा ठिकाणी व्रीही कोण? माझे उत्तर असे, की रूपांतरित गीत वाजवताना गिटारवादकाची दृष्टी ल्यूटवरही थांबता कामा नये. ती गाणाऱ्या कंठांपर्यंत गेली पाहिजे, श्वास कोठे घेतला जाई, कोणता कंठ कोठे उठून गप्प होई, हे त्याने शोधले पाहिजे. मुदाराच्या त्या रचनेत ती हार्पपर्यंत गेली पाहिजे. ल्यूट तेथे स्वतःच नीवार आहे.

यावर वेदान्ताकडे झुकणारा वाचक म्हणेल की एवढा खटाटोप कशासाठी. जुनी वस्त्रे टाकून नवी घ्यावीत तसा आत्मा देह बदलतो, तसेच संगीताचे समजावे आणि वाद्याची चर्चा सोडून द्यावी. ही उपपत्ती मला नेहमीच अपुरी वाटत आली आहे. आत्म्याविषयी ती खरी असेल, संगीताविषयी नाही. आत्म्यावर देहाचा ठसा उमटत नाही असे शास्त्र सांगते, आणि ल्यूटच्या संगीतावर तर त्या वाद्याच्या देहाचा ठसा अक्षराअक्षरावर आहे: स्वर चटकन मावळतो म्हणूनच तेथे स्वरसमूह असे विस्कटून एकामागून एक छेडायची रीत पडली, पाच जोडतारांवर सहज पडणारी बोटेच तेथे चाली झाली. भक्तिमार्गी वाचक म्हणेल, भाव पुरे. मानसपूजेत द्रव्य लागतच नाही, हेही खरे. मीही कधी कधी मिलानचे पान वाद्याशिवाय नुसते वाचतो आणि माझी बोटे मांडीवर हलतात. परंतु द्रव्य घेतलेच, तर ते कसे घ्यावे याचा विचार भावाने टळत नाही.

राहिला अधिकाराचा प्रश्न, आणि तो जैमिनीने नित्य व काम्य या भेदाने सोडवला आहे. पावसासाठी कारीरी इष्टी करणाऱ्याला कर्माच्या अंगांत उणीव चालत नाही. त्याला फळ हवे आहे, तेव्हा सांगितले तसे सर्व जमले तरच त्याने आरंभ करावा. नित्यकर्म करणाऱ्याचे तसे नाही. अग्निहोत्र आयुष्यभर करायचे असते, आणि ते जमेल त्या सामग्रीनिशी करणे हे न करण्यापेक्षा श्रेयस्कर. १५३६ मध्ये व्हॅलेन्सियाच्या दरबारात नेमके काय ऐकू येत होते हे ज्याला जाणून घ्यायचे आहे त्याचे कर्म काम्य आहे. त्याने गिटारीवर समाधान मानू नये, तातीच्या जोडतारा, पातळ तबली, बांधलेले पडदे हे सर्व जमवावे, आणि ते जमेपर्यंत निष्कर्ष काढू नयेत. ज्याला हे संगीत रोज वाजवल्यावाचून राहवत नाही, ज्याच्या दिवसाचा तो भाग झाला आहे, त्याचे कर्म नित्य. त्याला गिटारीची सनद आहे. मात्र यजमानाला प्रतिनिधी नाही, हे त्याने विसरू नये: ल्यूटवादक ज्युलियन ब्रीमचे ध्वनिमुद्रण कितीही उत्तम असो, ते लावून ठेवल्याने आपले अग्निहोत्र होत नाही.

मूळ द्रव्य मिळण्यासारखे असताना प्रतिनिधीचा हक्क संपतो, ही शेवटची हरकत मी स्वतःच स्वतःवर घेतो. आर्नोल्ड डोल्मेचने १८९३ मध्ये आधुनिक काळातले आपले पहिले ल्यूट तयार केले. आज युरोपात ते करणारे कारागीर पुष्कळ आहेत, आणि पैसे मोजले तर वाद्य येऊ शकेल. परंतु द्रव्य मिळणे म्हणजे ते देशकालाला मानवणे, असे मी समजतो. जून लागला की काशीदच्या हवेत मिठाची आणि ओलाव्याची अशी भर पडते की माझ्या गिटारीच्या वेटोळ्याच्या तारा काही दिवसांत काळवंडतात आणि तबली फुगून तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात; तातीची तार तर पाणी पिऊन फुगते, सुरातून ढळते आणि तुटते, आणि सरसाने जोडलेल्या त्या पातळ पट्ट्या एका पावसाळ्यात उकलतील. कोरड्या हवेच्या गावी राहण्याचा योग आला तर ल्यूट घेण्यास मला सबब उरणार नाही, आणि त्या दिवशी हे संगीत गिटारीवर वाजवण्याचा माझा अधिकार संपला असे मी मानीन. तोवर मी तिसरी तार उतरवून ठेवतो. कॅपो मात्र आषाढ-श्रावणात लावीत नाही, कारण मिलानने तार लावायची जी आज्ञा दिली आहे तीत अमुकच उंची असा हुकूम नाही. पहिली तार तिला सोसेल तितकी चढवावी आणि बाकीच्या तिच्यावरून जुळवाव्यात, एवढेच तो सांगतो, आणि त्या महिन्यांत तिला फारसे सोसत नाही.